बेट शेवटी ठरवायचं

ताई, मी ऐरोलीला राहते, वय २५. महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, हातात २८ हजार येतात. ठाण्यात कॉलेजला असल्यापासून आम्ही चौघी मैत्रिणी आहोत. एक आयटीत आहे, तिला चांगला पगार आहे. एक डोंबिवलीला घरच्या साड्यांच्या दुकानात बसते. एक कळव्याच्या खासगी शाळेत शिकवते, तिला १४ हजार मिळतात आणि घरात आजारपण आहे. येत्या जानेवारीत पाठीवर सॅक टाकून अंदमानला जायचं आम्ही ठरवलंय. सगळं प्लॅनिंग माझ्याकडे आहे. आयटीवाली रोज रिसॉर्टच्या लिंक पाठवते. शाळेतली नुसतं “बघू” लिहिते. अलिबागच्या वेळी तिने आदल्या रात्री ताप आल्याचं कळवलं होतं. तिचे अर्धे पैसे तिला न सांगता मी भरू का? माझं तिकीट मी कार्डवर ईएमआय करून काढणार आहे. २५ हजारांत अंदमान होतं का? बाबा म्हणतात, “काळ्या पाण्यावर पूर्वी शिक्षा म्हणून पाठवायचे, तुम्ही चौघी पोरी हौसेने कशाला निघालात?” त्यांना काय सांगू? आणि आईने मोठा शंख मागितलाय, तो आणता येतो का?
– ऐरोलीची प्लॅनर

प्रिय प्लॅनर,

पत्रात तू पाच-सहा प्रश्न विचारलेस, पण दोन शब्दांपाशी मी अडकले. एक तुझ्या मैत्रिणीचं “बघू”, दुसरा तुझा ईएमआय.

आपल्याकडे “बघू” म्हणजे काय ते तुलाही ठाऊक आहे. लग्नाच्या आहेरापासून सोसायटीच्या वर्गणीपर्यंत, पैसे नसतात तिथे माणूस “नाही” म्हणत नाही, “बघू” म्हणतो. तुझी मैत्रीण तिला शक्य तितकं खरं सांगते आहे. अलिबागच्या आदल्या रात्री आलेला तापही मला त्याच घरातला वाटतो. तेव्हा तुम्ही तिघींनी औषधं विचारली असतील, पैशांचं कुणी विचारलं नसेल.

आता तुझं. २८ हजार पगार, घरी काही देत असशील, महापेला जाण्यायेण्याचा खर्च, आणि वर सहलीचं तिकीट हप्त्यांवर. म्हणजे अंदमान तुलाही आज परवडत नाही. परत आल्यावर सहा महिने दर पाच तारखेला तू अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या वाळूचे पैसे भरणार. कार्डावरच्या हप्त्यात व्याज असतं, वर प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी. अकाउंट्स बघतेस, हे मी तुला शिकवायला नको. पण एक बघ: चौघींत पैशांची अडचण एकटीलाच आहे असं धरून तू पत्र लिहिलंस. ती दोघींना आहे. एक “बघू” म्हणते आणि दुसरी कार्ड काढते.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की अंदमान हा शब्द महिनाभर बाजूला ठेव. तुम्ही आधी बेट ठरवलंत आणि मग ज्याची त्याची ऐपत त्या बेटापर्यंत ताणत बसलात. हे उलट करायचं. आधी चौघींना जमेल असा आकडा काढायचा आणि मग त्या आकड्यात कुठलं बेट बसतं ते पाहायचं.

हा आकडा ग्रुपवर विचारू नकोस. ग्रुपवर विचारलंस की पुन्हा “बघू” येईल. शाळेतलीला एकटीलाच भेट. कळवा आणि ऐरोलीच्या मध्ये तुम्हाला ठाणंच सोयीचं. शनिवारी तिची शाळा लवकर सुटत असेल तर तलावपाळीवर फेरी मारा, भेळ घ्या आणि चालता चालता बोल. समोरासमोर बसून पैशांचं बोलणं जड जातं, शेजारी चालताना सोपं होतं. सुरुवात तिच्यापासून करू नकोस. आधी तुझं सांग. “माझं कार्डावर चाललंय, मला ते नकोय, महिन्याला मला इतकेच बाजूला काढता येतात,” असा तुझा खरा आकडा तिच्यापुढे ठेव. मग गप्प राहा. तिला तिचा सांगायला वेळ दे. त्या दिवशी नाही सांगितला तर नाही. आठवड्याने सांगेल.

बाकीच्या दोघींकडे जाशील तेव्हा तिने सांगितलेला आकडा तुझा म्हणून सांग. “मला महिन्याला यापेक्षा जास्त जमत नाही, सहल यातच बसवू.” तू हप्ते काढायला निघालेली मुलगी आहेस, तेव्हा यात खोटं काही नाही. आणि शाळेतलीला चौघींसमोर हिशेब द्यावा लागणार नाही.

तिचे पैसे गुपचूप भरायचा तुझा विचार मात्र सोडून दे. तो कुठल्या मायेतून आलाय ते मला दिसतं, तरीही सोड. मी तेविशीत असताना आम्ही तिघी मैत्रिणी दक्षिणेकडे गेलो होतो. मला सांगितलं होतं की माझ्या तिकिटावर काही सवलत मिळाली. तेव्हा मी नोकरीच्या शोधात होते, मी विश्वास ठेवला, खूश झाले. दीड वर्षाने एका क्षुल्लक भांडणात तिसरीच्या तोंडून निघून गेलं की सवलत वगैरे काही नव्हती, पहिलीने भरले होते. ते पैसे मी दोन महिन्यांत फेडले. पण त्या सहलीतली एकही आठवण मला नंतर सरळ आठवता आली नाही. मी मागवलेला दुसरा डोसा आठवायचा आणि वाटायचं, तेव्हा ह्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असेल का? ज्या मैत्रिणीने भरले तिचं मन सोन्यासारखं होतं, आजही आहे. पण आम्ही पूर्वीसारख्या मोकळ्या बसायला बरीच वर्षं लागली. हे तुमच्या चौघींत व्हायला नको, म्हणून इतकं सांगितलं.

उघडपणे दिलेल्या गोष्टीचं असं होत नाही. आयटीवालीला समुद्रासमोरच्या खोलीची हौस असेल, तर एक रात्र तिने चौघींना मिळून द्यावी, वाढदिवसाची म्हणून, सगळ्यांना सांगून. तिला वाईट समजू नकोस. तिच्या हातात पैसा आलाय आणि तो तिला मैत्रिणींबरोबरच खर्चायचाय, हे चांगलंच लक्षण आहे. फक्त आपली लिंक उघडताना दुसरीच्या पोटात काय होतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तू सांग, तेही एकटीलाच. आणि एक नियम सुरुवातीलाच कर: राहायचं चौघींनी एकाच ठिकाणी. कुणी एसी कॉटेजमध्ये आणि कुणी डॉर्ममध्ये, असं झालं की तिसऱ्या दिवशी दोन सहली होतात.

आता आकडा जमवायचा कसा? भिशी लावा. तुझ्या आईने लावली असेल, आजीने तर नक्कीच. फरक इतकाच की चिठ्ठी उचलायची नाही, सगळी रक्कम सहलीलाच. चौघींनी दर महिन्याला सारखी रक्कम बाजूला टाकायची. पैसे एकीच्या खात्यात ठेवण्यापेक्षा प्रत्येकीने आपापल्या बँकेत आरडी उघडावं, ते दहा महिने भरावं आणि महिन्याच्या सुरुवातीला हप्ता गेल्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. घरात अडचण आली तर आपलं आरडी मोडता येतं आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही. जिच्या घरी आजारपण आहे, तिच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

दहा महिने म्हटलं, कारण जानेवारीही तू सोडावीस असं मला वाटतं. तिथला समुद्र जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत छान असतो, मान्य. पण सगळा देश तेव्हाच तिकडे जातो, आणि खासगी शाळेतल्या बाईंना जानेवारीत आठवडाभर रजा म्हणजे बिनपगारी रजा. तू सहलीचा खर्च मांडलास, त्यात तिचा कापला जाणारा पगार धरला नाहीस. तिच्या शाळेचा निकाल एप्रिलअखेर किंवा १ मेच्या आसपास लागेल. त्यानंतरचा पहिला आठवडा धरा. उकडेल. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी वारे आधी अंदमानच्या समुद्रात पोचतात आणि मग पुढे आपल्याकडे यायला निघतात, हे तू दरवर्षी बातम्यांत ऐकतेस. म्हणजे १० मेच्या आत परतलेलं बरं. बंगालच्या उपसागरात मे महिन्यात चक्रीवादळंही होतात, तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचा अंदाज रोज पाहायचा. मे महिन्याची विमानाची तिकिटं सुट्ट्यांमुळे चढतात. ती फेब्रुवारी संपायच्या आत काढा. तोवर भिशीत सात-आठ हप्ते झालेले असतील, तिकिटासाठी तेव्हा आरडी मोडा आणि उरलेले पैसे बाजूलाच ठेवा.

२५ हजारांत होतं का, या प्रश्नाचं उत्तर: होतं, पण काठावर. आकडे ढोबळ देते, तिकीट काढायच्या दिवशी ताडून घे. मुंबईहून जाण्यायेण्याचं विमान लवकर काढलं तर माणशी १३-१४ हजारांच्या आसपास. याहून स्वस्त हवं तर ठाणे-कल्याणकडून चेन्नईला रेल्वेने जायचं, स्लीपरचं भाडं हजाराच्या आत, आणि चेन्नईहून पुढे सव्वादोन तासांचं विमान. तीन-चार हजार वाचतात, पण जाता-येता मिळून दोन दिवस जास्त लागतात. शाळेतलीला सुट्टी आहे, तुला रजा मिळते का ते बघ. चेन्नईहून जहाजही जातं. त्याला एका बाजूने अडीच-तीन दिवस लागतात आणि वेळापत्रक हवामानावर हलतं. ज्यांना महिनाभर मोकळा आहे त्यांनी ते जरूर करावं, नोकरदारांनी करू नये.

शोधताना नावांचा गोंधळ होऊ देऊ नकोस. हॅवलॉक बेटाचं नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम. कुठे जुनं नाव दिसतं, कुठे नवं. दोन्ही टाकून शोध.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला फेरीबोटीने जातात. खासगी बोट दीडेक तासात पोचवते, माणशी बाराशे ते दोन हजार घेते. सरकारी फेरी अडीच तास घेते आणि बरीच स्वस्त पडते, पण तिची तिकिटं काही दिवस आधीच खुली होतात आणि लवकर संपतात. जाताना खासगी नक्की करून ठेवा, येताना सरकारी मिळाली तर मिळाली. मी गेले होते तेव्हा समुद्र खवळला म्हणून आमची परतीची फेरी रद्द झाली, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान चुकलं आणि नव्या तिकिटात सगळी बचत गेली. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. हे एक ऐकच. बाकी काही बदललंस तरी चालेल.

नील बेट या वेळी सोड. सगळे तीन बेटं सहा दिवसांत कोंबतात आणि त्यांचे निम्मे दिवस जेट्टीवर रांगेत जातात. हॅवलॉकला चार रात्री, पोर्ट ब्लेअरला जाताना एक आणि येताना एक. हॅवलॉकला चौघींना एक अख्खी चार खाटांची डॉर्म किंवा बांबूच्या दोन झोपड्या घेतल्या तर माणशी रात्रीचे सातशे-आठशे पडतात. मेमध्ये पंखा आणि खिडकी दोन्ही धड आहेत ना, ते फोन करून विचारा. जेवण समुद्रकाठच्या कॅफेत करू नका. बाजारात बंगाली खाणावळी आहेत, कारण हॅवलॉकवर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना वसवलं गेलं आणि आज बेटावर त्यांचीच वस्ती मोठी आहे. तिथला माशाचा रस्सा-भात आपल्या तोंडाला लगेच लागतो, मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी जाणवेल तेवढाच. दिवसाला पाचशेत पोटभर होतं.

फिरायला दोन स्कूटर, दिवसाला एकीचे साधारण पाचशे. लायसन्स दोघींकडे तरी हवं आणि हेल्मेट चौघींना. राधानगरच्या किनाऱ्याला जेट्टीकडून बसही जाते, ती स्कूटरहून कितीतरी स्वस्त. राधानगरला एक संध्याकाळ पुरत नाही, दोन ठेव. एलिफंट बीचला बोटीऐवजी जंगलातून चालत जाता येतं, वाट दाखवायला माणूस घ्यायचा. पाऊस झाला असेल तर चिखल असतो, मग बोटच बरी.

स्कूबा मी २५ हजारांत धरलेलं नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांना ते चारेक हजारांच्या घरात जातं. हा एकच खर्च ज्याचा त्याने करावा, आणि जी करणार नाही तिच्याबरोबर एकीने किनाऱ्यावर थांबावं. काठावरूनही मुखवटा लावून पोहता आलं तर भरपूर मासे दिसतात. जी करेल तिने परतीच्या विमानाआधी निदान १८ तासांचं अंतर ठेवायचं. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, आणि विमानातल्या कमी दाबात घाईने गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून स्कूबा दुसऱ्या दिवशी उरकायचं, शेवटच्या दिवसावर ठेवायचं नाही.

हजारांत मांडते: विमान १४, राहणं साडेचार, फेऱ्या दोन-अडीच, जेवण तीन-साडेतीन, स्कूटर-बस-बोट मिळून दीड. बेरीज पंचवीस-सव्वीस होते आणि अडीअडचणीला काहीच उरत नाही. चेन्नईमार्गे गेलात तर रेल्वेतलं खाणं धरून बावीस-तेवीस. त्यावर दोन हजार राखीव हवेत. म्हणजे भिशीचा हप्ता महिन्याला अडीच हजार. १४ हजारांच्या पगारातून, घरात औषधं चालू असताना, अडीच हजार. हा आकडा तिच्या तोंडून आला तरच अंदमान. तू तिच्यावर टाकायचा नाही.

समजा ती म्हणाली, दीड हजार. दहा महिन्यांचे १५ हजार. मग अंदमानला लगेच पुढच्या वर्षावर ढकलायचं आणि मालवणला जायचं. आयटीवालीचं तोंड वाकडं होईल, होऊ दे. रात्री ठाण्याला कोकणकन्येत किंवा तुतारीत बसायचं, कुडाळला उतरायचं, एसटीने मालवण. आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याच्या कोकण गाड्या उघडताक्षणी भरतात, तेव्हा त्या सकाळी चौघींनी चार फोनवरून बसायचं. तुम्हाला बेटच हवं आहे ना? सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर उभा आहे, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं काम सुरू करून १६६७ पर्यंत पुरं केलं. किल्ल्याच्या आसपास स्कूबाही होतं आणि अंदमानपेक्षा बरंच स्वस्तात. देवबाग-तारकर्लीला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. घरगुती राहण्याच्या सोयीत चौघी एका खोलीत राहिलात, तर चार रात्री, जेवणखाण आणि गाडीभाडं धरून माणशी ९-१० हजारांत यायचं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात हापूस, करवंदं, जांभळं. उरलेले पाच हजार मोडायचे नाहीत, ते पुढच्या वर्षीच्या अंदमानचा पहिला हप्ता.

मालवण म्हणजे तडजोड, असं शाळेतलीच्या कानावर पडू देऊ नकोस. माझ्या मते पहिल्यांदाच समुद्रात उतरणाऱ्या चौघींनी आधी मालवणच करावं, पैसे असते तरी.

प्रवासातला रोजचा खर्च चहागणिक वाटत बसू नका. पहिल्या दिवशी चौघींनी सारखी रक्कम काढून एका डब्यात टाकायची, जेवण, बस, पेट्रोल सगळं त्यातून, आणि रात्री झोपण्याआधी तू वहीत लिहायचं. डबा शाळेतलीकडे दे. बेटावर एटीएम मोजकी आहेत आणि कधी रिकामीही असतात. रोख पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा.

पोहता येत नसेल तर दहा महिने हातात आहेत. महापालिकेच्या तरणतलावावर महिन्याची बॅच लावा, निदान पाण्यावर उताणं तरंगता आलं पाहिजे. समुद्रात कधी वाटलं की पाणी आत ओढतंय, तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही. ती ओढ अरुंद पट्ट्यात असते. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मग परतायचं. दम संपला तर तरंगत हात वर करायचा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० मध्ये राधानगरजवळ एका पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. तेव्हा जिथे मगरीची पाटी असेल किंवा जीवरक्षक नको म्हणेल, तिथे पाण्यात पाऊल नाही. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ तर नाहीच. वाळूतल्या बारीक माश्या पायांना चावतात, खाज आठवडाभर जात नाही. अंगाला खोबरेल चोपडून बसलं तर कमी चावतात.

बाबांचं आता. त्यांच्याशी मुलींच्या स्वातंत्र्यावर वाद घालायला बसू नकोस. त्यांना स्वातंत्र्याची हरकत नाही, भीती आहे, आणि तिला कागदाने उत्तर देता येतं. एका पानावर सगळं लिही: कुठली गाडी, कुठलं विमान, कुठली फेरी किती वाजता, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि फोन, चौघींच्या घरचे नंबर. ते पान चौघींच्या घरी द्यायचं. रोज संध्याकाळी सातला एक फोन, चुकवायचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल पोचल्यापासून तिथलं नेटवर्क पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय, तरी एखादा दिवस लागलं नाही तर घाबरू नका, हेही आधीच सांगून ठेव. आणि त्यांना हे सांग की तिथे घड्याळ आपलंच चालतं पण बेटं खूप पूर्वेला आहेत. सूर्य ठाण्याआधी जवळजवळ एक तास वीस मिनिटं वर येतो आणि तितकाच लवकर जातो. मेमध्ये पाचला उजाडतं, सहाच्या आत अंधारू लागतं. बेटावरचा दिवस पहाटेच सुरू करायचा असतो आणि आठला मुली आपल्या खोलीत. हे ऐकून तुझ्या बाबांना नक्की बरं वाटेल.

काळ्या पाण्याचं ते म्हणाले ते खरंच आहे. १९०६ मध्ये बांधून झालेल्या सेल्युलर जेलमधल्या त्या कोठड्या तुम्ही पाहणारच आहात. सावरकर तिथे १९११ पासून दहा वर्षं होते, हे बाबांना तुझ्याहून जास्त ठाऊक असेल. जाण्याआधी एका रविवारी त्यांच्याकडून ते सगळं ऐक. आणि त्या कोठडीसमोर उभी राहशील तेव्हा पहिला फोन त्यांना कर, सातची वाट बघू नकोस.

आईच्या शंखाचं राहिलं. किनाऱ्यावरचा शंख, शिंपला, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलायचं नाही. कित्येक शंख आणि सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात. तिथल्या मुलांनी हातावर ठेवला तरी नको म्हण. आईला हवाच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी एम्पोरियममध्ये बघ, आणि घेतलास तर पावती शंखाबरोबर पिशवीत वरच ठेव. मालवणला गेलीस तर काजू आण, कोकमं आण. त्या वर्षी तिला शंख नाही.

आकडा ठरला की मला कळव. हप्ता दीड हजार असला तरी कळव.